टॅब: तो कसा आला, कसा निवडावा, कसा टिकवावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टॅबबद्दलचे प्रश्न साधारण दोन प्रकारचे असतात: हे यंत्र इथवर आलं कसं, आणि आपल्या घरातलं यंत्र नीट चालत का नाही. दोन्हींची उत्तरं टच, बॅटरी आणि सॉफ्टवेअर या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतात. यांपैकी एक जरी कच्ची राहिली तरी बाकी दोन वाया जातात. हे कंपन्यांच्या बाबतीत घडलं, सरकारी योजनांच्या बाबतीत घडलं आणि दुकानातून आणलेल्या प्रत्येक टॅबच्या बाबतीतही घडतं.

पहिला टॅब म्हणजे आयपॅडच ना?

नाही. हातात धरून वापरायच्या, वहीएवढ्या संगणकाची कल्पना अ‍ॅलन के यांनी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क प्रयोगशाळेत मांडली. ‘डायनाबुक’ नावाच्या त्या यंत्रावरचा त्यांचा निबंध १९७२ सालचा आहे. तेव्हाच्या चिप आणि पडद्यांमध्ये ते बनवणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्ष विक्रीला आलेल्यांत १९८९चं ग्रिडपॅड महत्त्वाचं. त्याच्यामागे जेफ हॉकिन्स होते. एमएस-डॉसवर चालणारं, पेनने वापरायचं, दोन किलोंच्या आसपास वजनाचं हे यंत्र ठरावीक फॉर्म भरून घ्यायच्या कामांसाठी होतं. नंतर १९९३ मध्ये अ‍ॅपलचं न्यूटन, १९९६ मध्ये हॉकिन्स यांचंच पाम पायलट, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टची टॅब्लेटसाठीची विंडोज एक्सपी आणि २००५ मध्ये नोकिया ७७० अशी रांग लागली. आयपॅड आला तोवर या प्रयत्नांना वीस वर्षं होऊन गेली होती.

न्यूटन का बुडालं आणि पाम पायलट का चाललं?

न्यूटनने माणसाचं अक्षर ओळखायचा विडा उचलला होता. तुम्ही तुमच्या वळणाने लिहा, यंत्र समजून घेईल, असा दावा होता. १९९३च्या चिपला ते पेललं नाही. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये चुका इतक्या व्हायच्या की त्यातच नाव खराब झालं. पुढे ओळख बरीच सुधारली, पण तोवर गिऱ्हाईक फिरलं होतं आणि १९९८ मध्ये अ‍ॅपलने ते बंद केलं.

पाम पायलटने उलटा मार्ग घेतला. ‘ग्राफिटी’ नावाची एका फटकाऱ्यात लिहायची सोपी लिपी त्यांनी ठरवली. इंग्रजी ए काढायचा तर मधली आडवी रेघ नाही, फक्त टोकदार छप्पर. माणसाला ती थोड्याच वेळात जमायची आणि यंत्राची चूक जवळजवळ होत नसे. शर्टच्या खिशात मावेल असा आकार, दोन छोट्या पेन्सिल सेलवर कित्येक आठवडे चालणं, आणि पीसीला जोडलेल्या स्टँडवर ठेवून एक बटण दाबलं की पीसीशी माहिती जुळणं: जेवढं शक्य होतं तेवढंच, पण चोख.

न्यूटन अगदीच वाया गेलं असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच्यासाठी कमी वीज खाणारी चिप हवी होती, म्हणून अ‍ॅपलने १९९० मध्ये एकॉर्न आणि व्हीएलएसआय या कंपन्यांबरोबर आर्म ही कंपनी उभी केली. आज बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक टॅबमध्ये आर्मच्याच आराखड्यावरची चिप असते.

मग २०१० मध्ये वेगळं काय घडलं?

तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात जुळल्या. २००७च्या आयफोनपासून बोटाने चालणारा, एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारा टच लोकांच्या हातात आला होता. त्याआधी पेन लागायचं किंवा नखाने दाबावं लागायचं. दुसरी गोष्ट बॅटरी. पहिल्या आयपॅडमध्ये २५ वॉट-तासांची बॅटरी होती आणि कमी वीज खाणाऱ्या ए४ चिपमुळे ती दहा तासांच्या आसपास पुरायची. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी: सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टच्या टॅबवर पूर्ण विंडोज होती, आणि तिच्यातली बटणं माउसच्या टोकाच्या मापाने काढलेली. पंधरा पिक्सेलच्या चौकोनात बोट नेमकं कसं बसणार? आयपॅडने मोठी बटणं असलेली, फोनवर आधीच रुळलेली प्रणाली घेतली.

२७ जानेवारी २०१० रोजी त्याची घोषणा झाली आणि ३ एप्रिलला अमेरिकेत विक्री सुरू झाली. ९.७ इंची पडदा, ६८० ग्रॅम वजन, ४९९ डॉलरपासून किंमत. पहिल्याच दिवशी तीन लाखांहून अधिक विकले गेले. भारतात तो जानेवारी २०११ मध्ये २७,९०० रुपयांपासून मिळू लागला. त्यात कॅमेरा नव्हता आणि रॅम फक्त २५६ एमबी होती. त्या रॅमची गोष्ट पुढे ‘किती वर्षं चालेल’ या प्रश्नात पुन्हा येईल.

स्क्रीनला बोट कळतं कसं?

दोन पद्धती आहेत. रेझिस्टिव्ह टचमध्ये वर लवचिक प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली काच असते. दोन्हींवर वीज वाहणारा पारदर्शक लेप असतो आणि मध्ये बारीक ठिपक्यांनी ठेवलेली फट असते. दाबलं की पापुद्रा काचेला टेकतो आणि कुठे टेकला ते विजेच्या दाबावरून कळतं. पेन, नख, हातमोजा, काहीही चालतं. पण दाबावं लागतं, पडदा मंद दिसतो आणि साध्या प्रकारात दोन बोटं एकदम ओळखता येत नाहीत.

कपॅसिटिव्ह टचमध्ये काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या आडव्या-उभ्या पारदर्शक पट्ट्यांची जाळी असते. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे किंचित विद्युतभार साठतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा बोटाकडे ओढला जातो. कंट्रोलर चिप ही सगळी जाळी सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा तपासते आणि भार कुठे घटला ते पाहते. ही तत्त्वं नवी नाहीत. इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्न इथल्या संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच असा टच वर्णन केला होता आणि सत्तरच्या दशकात सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन प्रयोगशाळेच्या नियंत्रण कक्षात तो वापरात होता. मोजायचा फरक अतिशय सूक्ष्म असतो, म्हणूनच पाणी, घाम आणि खराब चार्जर यांनी टच बिघडतो.

भारतात टॅब बनवायचा प्रयत्न कधी झाला?

आयपॅडच्या खूप आधी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि तिथल्याच एन्कोर या कंपनीतले अभियंते यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस सिम्प्युटर आखला. लिनक्सवर चालणारा, टच पडद्याचा, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारा. त्यातली सर्वांत सुंदर कल्पना स्मार्ट कार्डची होती: गावात यंत्र एकच असावं, प्रत्येकाची माहिती स्वतःच्या कार्डावर असावी आणि कार्ड खुपसलं की यंत्र त्या माणसाचं व्हावं. २००४ मध्ये ‘अमिडा सिम्प्युटर’ विक्रीला आला. मागणी फारच थोडी आली. त्याच काळात मोबाइल झपाट्याने स्वस्त होत गेले आणि दहा हजारांच्या घरातल्या यंत्रासाठी गिऱ्हाईक राहिलं नाही.

सरकारी कामात टॅब मोठ्या प्रमाणावर आला तो २०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणनेत. तिच्यासाठीची हातातली यंत्रं भारत इलेक्ट्रॉनिक्सने पुरवली होती.

‘आकाश’ टॅबचं नेमकं काय बिनसलं?

किंमत आधी ठरली आणि यंत्र मागून आलं. २०१० मध्ये केंद्र सरकारने ३५ डॉलरचा विद्यार्थी-संगणक दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत डेटाविंड कंपनीने बनवलेला पहिला आकाश आला. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२, २,१०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि रेझिस्टिव्ह टच. म्हणजे तिन्ही बाजू लंगड्या. यादी सरकवायला बोट दाबून ओढावं लागे, बॅटरी दोन-तीन तासांत उतरे आणि गूगलचं अधिकृत अ‍ॅप-दुकानच त्यात नव्हतं. तपासणीचे निकष काय असावेत यावरून डेटाविंड आणि प्रकल्प सांभाळणारी आयआयटी राजस्थान यांचं बिनसलं, आणि २०१२ मध्ये काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आलं.

११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते आकाश २ चं उद्घाटन झालं. त्यात कपॅसिटिव्ह टच, १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४.० आणि ३,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी होती. पहिल्यातले दोष नेमके ओळखून केलेली दुरुस्ती होती ही. आयआयटी मुंबईने अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना दूरस्थ कार्यशाळांतून शिकवलं आणि टॅबवर चालणारी शैक्षणिक सॉफ्टवेअर तयार केली. हे काम आकाशच्या बातम्यांत झाकलं गेलं, पण प्रकल्पातला खरा मोलाचा भाग तोच होता. टॅब वाटणं सोपं असतं. तो वर्गात कुठल्या तासाला, कशासाठी उघडायचा हे ठरवणारा शिक्षक तयार करणं अवघड.

पुढे २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या प्रशिक्षणासाठी टॅब देते.

२०१४ नंतर टॅबची विक्री का घसरली?

फोन मोठे झाले आणि टॅब लवकर बदलावा लागत नाही, ही दोन मुख्य कारणं. २०२० मध्ये शाळा घरी आली तेव्हा मागणी पुन्हा उसळली.

अभ्यासासाठी किती इंची घ्यावा?

पीडीएफ वाचायची असेल तर हिशोब करून बघा. ए४ पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. ८.७ इंची टॅब उभा धरला की पडद्याची रुंदी ११.३ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे पान ५४ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं दिसतं. वेलांटी आणि उकार वाचताना डोळे ताणले जातात, दर ओळीला झूम करावं लागतं आणि मूल कंटाळतं. ११ इंची, १६:१० प्रमाणाच्या टॅबवर तेच पान ७० टक्क्यांवर दिसतं आणि १०.९ इंची आयपॅडवर ७५ टक्क्यांवर. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात; ती वाचायला साडेदहा इंचांच्या खाली जाऊ नये. गोष्टी वाचायला, व्हिडिओ पाहायला किंवा प्रवासात बाळगायला आठ-नऊ इंची उत्तम.

दुकानदार रॅम आणि मेगापिक्सेल सांगतो. आपण काय विचारावं?

मेगापिक्सेल विसरा. पुढची माहिती मागा:

- रॅम ४ जीबी हे आजचं किमान, अभ्यास आणि मीटिंग एकदम चालवायची तर ६ जीबी. ‘४ + ४’ असं लिहिलेलं असेल तर दुसरे ४ हे साठवणुकीतून उसने घेतलेले असतात आणि ते खऱ्या रॅमच्या मानाने फार संथ असतात.
- साठवणुकीची चिप ईएमएमसी प्रकारची आहे की यूएफएस? यूएफएस वेगवान. साधारण १५ ते २० जीबी प्रणालीच खाते, म्हणून ६४ जीबी लवकर भरते, १२८ घ्या.
- वाइडवाइन (चित्रपटांची नक्कल रोखणारं गूगलचं कुलूप) एल१ की एल३? एल३ असेल तर कित्येक चित्रपट-अ‍ॅप ४८० रेषांच्या वर जात नाहीत, पडदा कितीही चांगला असो. डीआरएम इन्फो नावाच्या अ‍ॅपमध्ये हे दोन मिनिटांत दिसतं.
- सिमचा खाचा आहे म्हणजे फोन लागेलच असं नाही. आयपॅडमध्ये सिम फक्त डेटासाठी असतं. अँड्रॉइडमध्ये मॉडेलनुसार ठरतं, स्पष्ट विचारा.
- केवळ वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस चिप नसते. शेताची मोजणी किंवा गाडीतला नकाशा हे काम असेल तर सिमचं मॉडेलच हवं.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न खालचा.

टॅब किती वर्षं चालेल?

हार्डवेअर सात-आठ वर्षं सहज चालतं. आयुष्य ठरवतं ते सॉफ्टवेअर. पहिल्या आयपॅडला त्या २५६ एमबी रॅममुळे सप्टेंबर २०१२ मध्ये आलेली आयओएस ६ मिळालीच नाही, म्हणजे अडीच वर्षांत त्याचा रस्ता संपला. उलट २०१४च्या आयपॅड एअर २ ला २०२१ मध्ये आलेली आयपॅडओएस १५ सुद्धा मिळाली. स्वस्त अँड्रॉइड टॅबना कित्येकदा एकच मोठी आवृत्ती मिळते किंवा एकही नाही.

घेण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’, मग अँड्रॉइड आवृत्ती उघडा आणि सुरक्षा अपडेटची तारीख बघा. नवाकोरा टॅब आणि तारीख वर्षभरापूर्वीची, तर तो ठेवून द्या. अपडेट थांबले की आधी बँकेची अ‍ॅप नकार देतात, नंतर संकेतस्थळं. अँड्रॉइड ७.१च्या आधीच्या टॅबवर बऱ्याच साइट ‘प्रमाणपत्र अवैध’ असा इशारा देतात, कारण साइट खरी आहे हे पडताळणारी नवी मूळ प्रमाणपत्रं त्या प्रणालीत नसतात. त्याआधी टॅबची तारीख-वेळ मात्र तपासा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर तारीख मागे जाते आणि हाच इशारा येतो.

जुना टॅब विकत घेताना काय तपासावं?

बिल आणि खोका मागा आणि या क्रमाने जा.

१. खाते. टॅब तुमच्यासमोर विक्रेत्याने सेटिंग्जमधून रीसेट करावा आणि तो पूर्ण चालू होईपर्यंत थांबा. आधीचं गूगल खातं किंवा अ‍ॅपल आयडी मागितला तर पैसे देऊ नका. हे कुलूप विक्रेत्याच्या पासवर्डशिवाय उघडत नाही.

२. संस्थेचं कुलूप. ‘हे उपकरण तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित आहे’ असं दिसलं तर तो शाळेचा, कंपनीचा किंवा सरकारी योजनेतला असतो. इंटरनेट लागताच पुन्हा लॉक होतो. घेऊच नका.

३. आयएमईआय. हा प्रत्येक सिमच्या यंत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक. सिमचा टॅब असेल तर सेटिंग्जमधला क्रमांक बिलाशी जुळवा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकून पाहा.

४. टच. सेटिंग्जमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्याय उघडतील. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू करा. आता बोट न उचलता कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या रेघा संथपणे ओढा, मग कडांना लागून चारही बाजूंनी. रेघ सलग उमटली पाहिजे. एखाद्या पट्ट्यात ती दर वेळी तुटत असेल तर जाळीतली तेवढी ओळ मेलेली आहे आणि टच बदलावाच लागेल. शेवटी पाचही बोटं टेकवा. वरचा आकडा पाच दाखवतो का बघा.

५. पडदा. पूर्ण पांढरं चित्र लावा. पिवळसर किंवा उजळ ढग दिसला तर मागून बॅटरी दाबत असू शकते.

६. चार्जिंग. केबल लावून हलकेच हलवा. चार्जिंग तुटलं तर जॅक सैल झालेला आहे.

चार्जिंगला लावला की टच आपोआप चालतो. हा व्हायरस आहे का?

क्वचितच. बहुतेक वेळा चार्जर. स्वस्त चार्जरमधून विजेची खरखर टॅबच्या आतल्या सर्किटवर चढते आणि कंट्रोलरला ती बोटासारखी भासते. चार्जर काढा. टच लगेच सुधारला तर दोष चार्जर, केबल किंवा सॉकेटचा. पॉवर बँक लावून बघा. तिच्यावर ठीक चालला तर चार्जर बदला आणि नव्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-क्रमांक आहे ना ते पाहा. चार्जर काढूनही त्रास होत असेल तर स्क्रीनगार्ड काढून, काच पुसून पुन्हा तपासा. गार्डखाली शिरलेली ओल, हे पावसाळ्यातलं नेहमीचं कारण. तरीही राहिला तर दोन शक्यता उरतात: काचेच्या कडेचा तडा, किंवा फुगत चाललेली बॅटरी. दुसरी शक्यता गंभीर आहे, तिच्यासाठी खाली वेगळं उत्तर आहे.

टॅब फार हळू झाला. रीसेट मारू का?

आधी साठवणूक बघा. फ्लॅश मेमरीला नवं लिहायला रिकामे कप्पे लागतात; ८५-९० टक्के भरली की प्रत्येक छोट्या लेखनासाठी जुनं हलवावं लागतं आणि सगळा टॅब अडखळतो. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या व्हिडिओंनी जागा खाल्लेली असते, निम्मं काम तिथेच होतं. किमान २० टक्के जागा मोकळी करा, टॅब बंद करून चालू करा आणि एक दिवस वापरा. ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ अ‍ॅप काढून टाका. ती स्वतःच मागे चालू राहून रॅम खातात. उन्हाळ्यात विदर्भात दुपारी हळू होत असेल तर तो उष्णतेमुळे प्रोसेसरने स्वतःहून कमी केलेला वेग आहे. जाड रबरी कव्हर काढा आणि चार्ज करत व्हिडिओ पाहू नका. रीसेट शेवटी, आणि त्याआधी गूगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे याची खात्री करून.

काच फुटली. दुकानात ‘पूर्ण फोल्डर लागेल’ म्हणतात, खरं का?

मॉडेलवर अवलंबून आहे. फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले यांचा एकत्र संच. स्वस्त अँड्रॉइड टॅब आणि आयपॅडची साधी मॉडेल (नावात एअर, प्रो किंवा मिनी नसलेली) यांत वरची टचची काच आणि खालचा डिस्प्ले वेगळे असतात, मध्ये हवेची फट असते. तिथे फक्त काच बदलता येते आणि खर्च बराच कमी होतो. आयपॅड एअर २ पासूनचे एअर, प्रो आणि बहुतेक महागडे अँड्रॉइड टॅब यांत काच आणि डिस्प्ले पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. तिथे पूर्ण फोल्डरच बदलतात. ओळखायची खूण: तिरकं धरून पाहा, चित्र काचेच्या खाली खोल दिसलं तर भाग वेगळे आहेत.

होम बटणावर बोटाचा ठसा घेणाऱ्या आयपॅडची काच बदलताना जुनंच बटण नव्या काचेवर बसवायला सांगा. दुसरं बटण लावलं तर ठसा कायमचा बंद पडतो. फुटलेल्या काचेवर दुकानात नेईपर्यंत रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे कच बोटात जात नाही आणि भेगेतून ओल शिरत नाही.

चार्ज व्हायला किती वेळ लागायला हवा?

८,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत ३.८ व्होल्टने सुमारे ३० वॉट-तास मावतात. ५ व्होल्ट २ अँपिअरचा म्हणजे १० वॉटचा चार्जर कागदावर तीन तास घेईल. उष्णतेत जाणारा भाग आणि शेवटच्या टप्प्यातला संथपणा धरून चार तास. फोनच्या जुन्या ५ वॉटच्या चार्जरवर आठ तास, आणि वापरत असताना तर टक्केवारी उतरलेलीही दिसेल. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात २५ वॉट-तासांच्या आसपास हाती लागतात, म्हणून असा टॅब ती एकदाही पूर्ण भरत नाही.

महिनोन्महिने कपाटात ठेवणार असाल तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. शून्यावर पडून राहिलेला टॅब चालू होत नसेल तर साध्या चार्जरवर तासभर तरी लावून ठेवा, मग चालू बटण तीस सेकंद दाबा.

मराठी लिहायला काय लावावं?

जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये भाषा जोडताना ‘मराठी’ निवडली की मांडणीचे पर्याय येतात: देवनागरी कळफलक, इंग्रजी अक्षरांतून मराठी, आणि हस्तलेखन. आजी-आजोबांना हस्तलेखन लावून द्या. मोठ्या पडद्यावर बोटाने लिहिलेलं देवनागरी ते छान ओळखतं. इन्स्क्रिप्ट ही देवनागरी टंकनाची मांडणी शिकलेल्यांनी ब्लूटूथ कळफलक जोडावा. ‘दुसऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ मधला अर्धा र नीट उमटत नसेल तर साध्या र ऐवजी खाली ठिपका असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग पुढचं अक्षर.

कोणतंही पेन कोणत्याही टॅबला चालतं का?

रबरी टोकाचं साधं पेन सगळ्यांना चालतं, पण ते फक्त जाडं बोट असतं. तळहात टेकला की रेघोट्या उठतात. बारीक लेखनासाठीची पेनं टॅबशी बांधलेली असतात. अ‍ॅपल पेन्सिल आयपॅडलाच चालते, तीही ठरावीक पिढीच्या. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही, कारण पडद्यामागची जाळी त्याला चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा पुरवते. पण ती जाळी नसलेल्या टॅबवर ते उमटतच नाही. गणिताच्या पायऱ्या लिहायच्या असतील तर आधी पेन ठरवा आणि मग टॅब.

बॅटरी फुगली आहे असं वाटतं. काय करू?

खुणा: पडदा एका बाजूने उचललेला, पाठ फुगल्याने सपाट टेबलावर टॅब डुलणं, पडद्यावर उजळ डाग. चार्जर काढा आणि टॅब बंद करा. पडदा दाबून परत बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका आणि बॅटरीला टोचू नका. आत ज्वलनशील वायू आणि द्रव असतो, आणि आतले पापुद्रे एकमेकांना टेकले तर पेट घेतो. गादी, पडदे, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर सेवा केंद्रात न्या. बॅटरी बदलून मिळाली की जुनी त्यांच्याकडेच सोडा, घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना तिथे आग लागते. टॅब दुरुस्त करायचा नसेल तरी तो अधिकृत ई-कचरा केंद्रातच जायला हवा.

हा प्रकार सर्वांत जास्त होतो तो दुकानाच्या बिलिंग काउंटरवर, सीसीटीव्ही बघायला किंवा वर्गात कायम चार्जरला लावून ठेवलेल्या टॅबमध्ये. बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की आत वायू तयार होत जातो. काही टॅबमध्ये चार्ज ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती सुरू करा. नसेल तर टायमर असलेला सॉकेट घ्या आणि दिवसातून दोनदा दोन-दोन तास वीज मिळेल असा लावा. महिन्यातून एकदा टॅब कव्हरमधून काढून काचेच्या टेबलावर उताणा ठेवून बघा, कडेला फट दिसते का ते.